खुणेच्या बाटल्या

"आजींना कधीपासून दिसतंय ते?" त्या मुलीने हर्षदला विचारलं.

आजी तिच्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. म्हणजे मीच. डोळा माझा, दिसत होतं ते मला, आणि कान शाबूत होते. तरी ती फॉर्म माझ्या मुलाकडून भरून घेत होती, जणू मी त्याने दुरुस्तीला आणलेला मिक्सर होते. हर्षद म्हणाला, दहा महिने. मी म्हटलं, अकरा. तिने दहा लिहिलं.

अंधेरी पश्चिमेला, काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते डोळ्यांचं क्लिनिक होतं. मुलीचं नाव सपना, छातीवर पाटी होती. पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर असायचा आणि तो खेकसायचा. ही गोड बोलत होती. मला खेकसणारी माणसं परवडतात, त्यांना निदान काम संपवायची घाई असते. तिने आधीची ऑपरेशनं विचारली तेव्हा मी हर्षदच्या आधी बोलले. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू सात वर्षांपूर्वी काढलाय. डाव्याचं मोठं ऑपरेशन त्र्याण्णव साली झालं, पडदा सुटला होता, त्या डोळ्यातली जेलीच काढून टाकली. त्याने उजेड कळतो आणि समोर धरलेली बोटं कळतात, बाकी काही नाही. सपनाने दोन चौकोनांत खुणा केल्या आणि म्हणाली, ओके, दोन्ही डोळे कॅटरॅक्ट. मी म्हटलं, कॅटरॅक्ट नव्हे, पडदा. ती म्हणाली, हो आजी, डॉक्टर बघतील ना.

म्हणजे माझ्याकडे कामाचा असा एकच डोळा आहे, उजवा. त्याच्यासमोर अकरा महिन्यांपासून एक दोरा तरंगतोय. मध्ये गाठ असलेला, एका टोकाला वळलेला. पेपर उघडला की तो ओळीवर येऊन बसतो. मान झटकली की बाजूला सरकतो, मान थांबली की सावकाश परत येतो. भिंत पांढरी असेल तर जास्त दिसतो. आमच्या वाकोल्याच्या नव्या फ्लॅटमध्ये सगळ्याच भिंती पांढऱ्या आहेत. याला फ्लोटर म्हणतात आणि म्हातारपणी तो बहुतेकांना दिसतो, हे मला ठाऊक होतं. पण बहुतेकांनी माझं काम केलेलं नाही. मी आयुष्यभर हेच दोरे शोधून फेकले.

एकाहत्तर साली मी साकीनाक्याच्या एका औषधांच्या कारखान्यात लागले आणि अठ्ठ्याण्णव साली तो बंद झाला तेव्हा बाहेर पडले. सत्तावीस वर्षं चेकिंगमध्ये. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या भरून, तोंड वितळवून बंद केल्या की आमच्याकडे यायच्या. आम्ही त्यांना बाटल्याच म्हणायचो. काळोखी खोली, चोवीस बायका, प्रत्येकीच्या टेबलावर ट्यूबलाइट आणि मागे पाटी, अर्धी काळी अर्धी पांढरी. बाटली मानेला धरायची, मनगटाने एक गिरकी द्यायची आणि झटकन थांबवायची. बाटली थांबते, आतलं औषध फिरत राहतं. त्यात जे हलतं ते बघायचं. वर जातो तो बुडबुडा, सोडून द्या. चमकत खाली बसते ती काच. आणि ना वर ना खाली, मधेच लोंबकळतो तो दोरा. काळ्या पाटीसमोर पाच आकडे मोजायचे, पांढऱ्यासमोर पाच. खराब निघाली की लाल ट्रेमध्ये. दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं डोळे मिटून बसायचा नियम होता. कुणी पाहुणा आला की त्याला वाटायचं, या बायका प्रार्थना करतायत.

आमचे सुपरवायझर विद्याधर साहेब. कधी आवाज चढवला नाही त्या माणसाने. पण ते आमच्या ट्रेमध्ये गुपचूप खुणेच्या बाटल्या मिसळायचे. मुद्दाम खराब ठेवलेल्या, बुडाला एक ठिपका, जो फक्त त्यांच्या जांभळ्या दिव्याखाली दिसायचा. त्या आम्ही पकडल्या की नाही हे ते संध्याकाळी बघायचे. एकदा मात्र त्यांनी उलटं केलं. नव्या लागलेल्या एका मुलीला पूर्ण ट्रे चांगल्या बाटल्यांचा दिला. ती बिचारी घाबरलेली, तिने अकरा खराब काढल्या. साहेबांनी तिला दुसऱ्या दिवशी पॅकिंगला पाठवलं. आम्हाला म्हणाले, खराब बाटली सोडणारी बाई जेवढी धोक्याची, तेवढीच नसलेला दोष शोधणारी. दोघीही बघत नसतात. आणि दुसरा नियम त्यांचा असा की चेकरला कधी सांगायचं नाही, कुठली बाटली खराब आहे. सांगितलं की ती बघायची थांबते.

हे सगळं लांबवून सांगतेय, कारण पुढे जे झालं ते याच्यामुळेच झालं.

डॉक्टर केयूर चाळिशीचे असतील. त्यांनी मला यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, उजव्या डोळ्यात दिवा मारला आणि भिंतीवरच्या पडद्यावर माझा दोरा दाखवला. शेवयाच्या तुकड्यासारखा दिसत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा तो बाहेरून बघितला आणि खोटं कशाला बोलू, मला हुरूप आला. अकरा महिने घरात मी एकटीच त्याला बघत होते. हर्षदला वाटायचं आई कुरकुर करते. आता त्यालाही दिसला.

डॉक्टर हर्षदला म्हणाले, लेसरने याचे तुकडे करून टाकू, तीन सीटिंग, एकेक पाच मिनिटांचं. धोका काही? ते हसले. लोक इथून उठून ऑफिसला जातात, सर. मग माझ्याकडे वळून मोठ्याने, जणू मी रस्त्यापलीकडे उभी होते असं म्हणाले, "आजी, एकदम नवीन डोळा होणार तुमचा."

मी विचारलं, डोळ्यात थेंब टाकून मागचा पडदा नाही का बघायचा? मला त्र्याण्णव सालापासूनची सवय होती. बाहुली मोठी केल्याशिवाय डोळ्याच्या मागच्या कडा दिसत नाहीत, हे मला एका जुन्या डॉक्टरांनी समजावलं होतं. उत्तर सपनाने दिलं. त्यांच्या मशीनला थेंब लागत नाहीत, लेसरच्या दिवशी टाकू. पुढच्या पंधरवड्यातला गुरुवार ठरला. हर्षद खूश होता. लिफ्टमध्ये म्हणाला, बघ, उगाच अकरा महिने काढलेस.

त्यानंतर पाचव्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि उजव्या डोळ्याच्या कडेला गॅसच्या लायटरसारखी ठिणगी उडाली. मी थांबले. मान वळवली, पुन्हा उडाली. दुसऱ्या दिवशी दोऱ्याच्या भोवती बारीक काळे ठिपके दिसायला लागले, मिरपूड सांडावी तसे.

मला हे काय आहे ते माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी डाव्या डोळ्यात हेच झालं होतं, आधी ठिणग्या, मग मिरपूड, मग एका कोपऱ्यातून काळा पडदा वर चढत आला. आता उरलेल्या एका डोळ्यात तेच सुरू झालं होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचं एक कारण म्हणजे भीती. ते ऑपरेशन, त्यानंतर पंधरा दिवस पालथं पडून राहणं, तोंड उशीत, मला पुन्हा नको होतं. पण दुसरं कारण मी त्या आठवड्यात स्वतःला रोज सांगत होते आणि मला ते अगदी पटलं होतं. गुरुवारी थेंब टाकणारच आहेत. डॉक्टर बघतील. त्यांना बघता येत असेल तर त्यांना दिसेल. आणि मी सांगितल्यावरच दिसणार असेल, तर ते चेकर कसले? माझ्याकडे एक खराब बाटली होती आणि ती कुठली हे मी त्यांना सांगणार नव्हते. चेकिंगच्या खोलीत मुरलेली बाईच असला मूर्खपणा करू शकते.

आणि खराब बाटली आहे, तर मग एक चांगलीही ठेवावी, असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी सपनाने उजव्या डोळ्यात तीनदा थेंब टाकले. हळूहळू सगळं पांढरट झालं, हातातल्या कागदावरची अक्षरं पुसली गेली. तासाभराने आत नेलं. हर्षद कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. डॉक्टर केयूरनी उजव्या डोळ्यात बघितलं. मी मनातल्या मनात मोजत होते. एक, दोन, तीन, चार, आणि ते म्हणाले, बढिया, सुरू करू. कडेला बघ, वर बघ, खाली बघ, काही सांगितलं नाही. जिथून ठिणग्या उडत होत्या तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मग मी म्हटलं, "डॉक्टर, डाव्या डोळ्यातपण तरंगतं हो काहीतरी."

हर्षद म्हणाला, आई, हे कधी सांगितलं नाहीस. डॉक्टरांनी यंत्र सरकवलं, डाव्या डोळ्यात दिवा आला. मी मोजलं. एक, दोन, तीन. उजेड जरा इकडे, जरा तिकडे सरकला, यंत्राची दांडी ते मनगटाने नुसती हलवत होते. तो हात मी ओळखला. कसा ओळखला ते शेवटी सांगते.

"आहेत ना. डाव्यातही आहेत," ते हर्षदला म्हणाले. "इन फॅक्ट, इथे जास्त दाट आहेत. म्हणूनच तो डोळा डिम आहे. ते क्लिअर केलं की व्हिजनमध्ये चांगला फरक पडेल."

हर्षद खुर्चीवरून उठला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता एक उभा पांढरा आकार दिसत होता, पण आवाज ऐकला. "म्हणजे डावा डोळा परत येऊ शकतो?"

तीस वर्षं तो पोरगा मनात हे ठेवून होता, हे मला तेव्हा कळलं. दहावीत होता तो, मी पालथी पडलेली असताना जमिनीवर बसून मला पेपर वाचून दाखवायचा. आणि हा माणूस त्याला ते, तीन आकडे मोजेपर्यंत बघून, विकत होता.

मी डॉक्टरांना विचारलं, डाव्यात काय आहे, दोरा की ठिपके? ते म्हणाले, दोऱ्यासारखं आहे आजी, मोठं आहे, काळजी करू नका. मी हनुवटी काढून घेतली.

"डॉक्टर, दोरा तरंगायला काहीतरी लागतं. त्या डोळ्यात जेली नाहीच. त्र्याण्णव सालीच काढलीय. मी पहिल्याच दिवशी तुमच्या मुलीला सांगितलं होतं. आणि मला त्या डोळ्यात काहीही तरंगताना दिसत नाही."

मग ते हर्षदकडे वळून मऊ आवाजात म्हणाले की, आजी जरा कन्फ्यूज झाल्यात, या वयात प्रोसिजरची भीती वाटते, पाच मिनिटं बाहेर बसवू या. सपनाने माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला. वाईट याचं वाटलं की हर्षद म्हणाला, "आई, काय चाललंय तुझं? बस ना जरा गप्प."

त्या क्लिनिकमधून मी स्वतःच्या पायांनी बाहेर पडले हे खरं, पण दाराच्या काचेवर आपटून. उजवा डोळा थेंबांनी पांढरा, डावा कायमचा मेलेला. लिफ्ट कुठे, पायरी कुठे, काही कळत नव्हतं. हर्षदने हात धरला. तो संतापलेला होता हे मला त्याच्या बोटांवरून कळत होतं, मी संतापले होते हे त्याला माझ्या. तरी सोडता येत नव्हतं, ना त्याला ना मला. रस्त्यावर आलो तर ऊन सुईसारखं आत घुसलं.

रिक्षात बसल्यावर तो बोलायला लागला. पेमेंट केलंय, सुट्टी टाकलीय, ते जाऊ दे. पण तू डॉक्टरशी खोटं बोललीस. मुद्दाम. एका डॉक्टरला फसवायला गेलीस, लहान मुलीसारखी. आता परत तिथे तोंड दाखवायची सोय नाही. तुला बरं व्हायचंच नाहीये, तुला नुसतं सगळ्यांना पकडायचंय.

मी म्हटलं, डोळ्याच्या तपासणीत खोटं बोलायची मला जुनी सवय आहे.

मग मी सांगितलं, जे त्याला माहीत नव्हतं, त्याच्या वडिलांनाही माहीत नव्हतं. कारखान्यात दर सहा महिन्यांनी आमचे डोळे तपासायचे. जिचे डोळे कमी, तिला पॅकिंगला टाकायचे, चेकिंगचा भत्ता बंद. ह्यांची गिरणी संपानंतर उघडलीच नाही, घर त्या भत्त्यावर होतं. आणि दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता वीस वर्षं तोच होता. माझ्या शेजारच्या टेबलावरची जानकी, मालवणची, ती मला म्हणाली होती, "पाठ करून घे गो. तुका काय वाचूचा नाय आसा, नुसता म्हणूचा आसा." ई, एफ पी, टी ओ झेड. आम्ही दोघींनी तो पाढ्यासारखा घोकला. त्या तक्त्याने आमच्यापैकी कुणाचाही डोळा कधी तपासला नाही. त्र्याण्णव साली डाव्या डोळ्यात ठिणग्या दिसायला लागल्या तेव्हा तपासणी तोंडावर होती. सांगितलं असतं तर पॅकिंग. मी डावा डोळा ताठ उघडा ठेवून पाढा म्हटला आणि पास झाले. अकरा दिवस गप्प राहिले. बाराव्या दिवशी तो काळा पडदा अर्ध्या डोळ्यावर आला होता. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आला असतात तर वाचला असता. कारखान्यात मी सासूबाई आजारी म्हणून रजा टाकली.

"हे तू आज सांगतेस?" हर्षद म्हणाला.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, पार्ल्याच्या बाजूला घ्या. हर्षदने विचारलं कशाला. मी म्हटलं, ज्या हॉस्पिटलात डाव्याचं ऑपरेशन झालं तिथली ओपीडी बारापर्यंत असते. थेंब पडलेच आहेत, ते कशाला वाया घालवायचे.

तो हसला नाही. पण त्याने रिक्षावाल्याला रस्ता सांगितला.

त्या धर्मादाय हॉस्पिटलात सगळं बदललं होतं, बाकं मात्र तीच. हिरवा रंग त्यांच्यावर थरावर थर चढून गुळगुळीत झालेला, हाताला कळला. तासभर बसलो. मग एका बाईने मला तक्त्यासमोर उभं केलं, डावा डोळा झाकला आणि म्हणाली, वाचा. समोर नुसता उजेड होता, त्यात राखाडी गिचमीड. इतक्या वर्षांनी माझं तोंड आपोआप उघडलं आणि ई जिभेवर आला. हर्षद मागे उभा होता.

मी तोंड मिटलं. मग म्हटलं, "दिसत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे तक्त्यासमोर म्हटलं. त्या बाईला काय त्याचं, ती म्हणाली थेंब टाकलेत ना, म्हणून. पुढे जा.

आत डॉक्टर ऋता होत्या. पस्तिशीच्या, केस कसेतरी बांधलेले, टेबलावर अर्धा खाल्लेला टोस्ट. फाइल नव्हती, मी सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी आधी डाव्या डोळ्यात बघितलं आणि लगेच म्हणाल्या, ही जेली काढलेली केस आहे, इथे काय फ्लोटर शोधायचे. मी हर्षदच्या दिशेने मान वळवली. मग त्यांनी उजव्याकडे येताना विचारलं, "चमक दिसते का? ठिणग्यांसारखी?"

खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, सांगू नको, बघू दे हिला सापडतं का.

"हो," मी म्हटलं. "आज नऊ दिवस झाले. मिरपुडीसारखे ठिपकेपण आहेत."

मागे हर्षदच्या तोंडून काहीतरी निघालं, शब्द नव्हता तो. डॉक्टर ऋतांच्या हातातलं भिंग खाली आलं. नऊ दिवस? आणि आज सकाळच्या डॉक्टरांना सांगितलं नाही? मी म्हटलं, त्यांना आपणहून दिसतं का ते बघत होते. मग त्या बाई खेकसल्या. अशा खेकसल्या की बाहेरची रांग गप्प झाली असेल. डोळ्याची परीक्षा डॉक्टरने घ्यायची की पेशंटने डॉक्टरची? तुमच्याकडे किती डोळे आहेत परीक्षेत घालवायला? मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

डोक्यावर दिवा बांधून त्यांनी मला आडवं केलं, भिंग धरलं आणि बोथट काडीने पापणीवरून डोळा दाबत कडा बघितल्या. वर बघा, डावीकडे, आणखी डावीकडे, खाली. मी मोजायला सुरुवात केली होती, शंभरानंतर सोडून दिलं. कडेला एक छोटं भोक होतं. पडदा अजून उचलला गेला नव्हता. आणखी चार-सहा दिवसांनी काय झालं असतं ते त्यांनी मला सांगितलं नाही, हर्षदला सांगितलं. यावेळी मी हरकत घेतली नाही.

लेसर लागला तो तिथे, त्याच दुपारी. पण भोकाच्या भोवती डाग देऊन पडदा भिंतीला चिकटवायचा लेसर. दोऱ्याला कुणी हात लावला नाही. दोऱ्याचं मी विचारलंच. त्या म्हणाल्या, फ्लोटरवर लेसर असतो, खोटा नाही. काही ठराविक जणांना, जाणत्या हाताने केला तर फायदाही होतो. पण तुमचा दोरा मागे पडद्याच्या फार जवळ आहे, तिथे मारायचा नाही. आणि पडद्याला भोक असताना तर कुणी विचारही करू नये. मग मी विचारलं, त्या माणसाबद्दल तुम्ही काही करणार का? त्या भिंग पुसत राहिल्या. दुसऱ्या डॉक्टरबद्दल मी काही बोलणार नाही, म्हणाल्या. एवढी धडधडीत बोलणारी बाई, आणि तिथे येऊन तिचाही आवाज खाली गेला. तो राग माझ्या पोटात अजून आहे.

डाग देऊन झाल्यावर आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. अर्धा तास बसून जा म्हणाले होते. हर्षदने कुठूनतरी चहा आणला आणि कप माझ्या हातात नीट धरवला. मग त्याने विचारलं.

"त्र्याण्णवला डावा डोळा गेला. कारखाना अठ्ठ्याण्णवला बंद झाला. मधली पाच वर्षं तू बाटल्या कशा तपासल्यास?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. विद्याधर साहेब त्याच सुमारास निवृत्त झाले आणि खुणेच्या बाटल्या बंद झाल्या, नाहीतर त्यांनी विचारला असता.

"सकाळी जमायचं थोडं," मी म्हटलं. "पण एका डोळ्याने चरा बाहेरच्या काचेवर आहे की आत दोरा आहे, ते कळत नाही. दुपारनंतर डोळ्यातून पाणी यायचं. मग मी नुसता हात हलवायचे. गिरकी द्यायची, काळ्यासमोर धरायची, पांढऱ्यासमोर धरायची, ठेवून द्यायची. ठरावीक बाटल्या लाल ट्रेमध्ये टाकायच्या, नाहीतर संशय आला असता. सकाळी त्या डॉक्टरने दांडी हलवली ना, तसा."

मी त्याच्याकडे बघितलं नाही, बघून दिसणारही नव्हतं. त्या बाटल्या कुठल्या दवाखान्यात गेल्या, कुणाच्या दंडात गेल्या, हा हिशोब मी तीस वर्षं टाळत आलेय आणि त्या बाकावरही टाळला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सपना होती. तिचा गोड आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. आजी शांत झाल्या का, सर? आपण दोन्ही डोळ्यांचं एकत्रच घेऊ या का पुढच्या आठवड्यात? डॉक्टरांनी स्पेशली सांगितलंय.

हर्षद म्हणाला, "माझ्या आईलाच विचारा. ती इथेच बसलीय," आणि फोन माझ्या हातात दिला.

सकाळपासून मनात जुळवून ठेवलेलं बरंच होतं. न बघता बघितल्यासारखं करणाऱ्यांबद्दल, दुसऱ्याच्या एकुलत्या एका डोळ्यावर हात साफ करणाऱ्यांबद्दल, लेकराला नसलेली आशा विकणाऱ्यांबद्दल. बोलायला तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं, त्यातलं अर्धं मलाही लागू होतं.

म्हणून मी अर्धंच बोलले. पण इतक्या मोठ्याने बोलले की आतून डॉक्टर ऋता बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या, आणि त्यांनी मला थांबवलं नाही.